लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना

मुहूर्त निघाला, कार्यालय ठरलं की पुढचा प्रश्न फोटोग्राफरचा. दर लग्नसराईत वाचकांकडून त्याच त्या शंका येतात. कँडिड घ्यायचं की ट्रॅडिशनल? एकाने सांगितलेला आकडा दुसऱ्याच्या तिप्पट आहे, हा फरक नेमका कशाचा? टोकन दिलं आणि लग्न पुढे गेलं तर ते परत मिळतं का? लग्नाला वर्ष होत आलं, अल्बमचा पत्ता नाही, आता काय करायचं?

यातल्या बहुतेक अडचणी निवडीच्या वेळीच सुरू झालेल्या असतात. आपण इन्स्टाग्रामवरचे वीस-पंचवीस देखणे फोटो बघून फोटोग्राफर ठरवतो, आणि पैसे मोजतो ते बारा-चौदा तासांच्या कामाचे. ते वीस फोटो कदाचित वीस वेगवेगळ्या लग्नांतले असतात. म्हणून निवड दोन गोष्टींवर करा. पहिली म्हणजे त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेलं एक अख्खं लग्न, आणि दुसरी म्हणजे तुमच्या मांडवात प्रत्यक्ष कॅमेरा धरणारा माणूस. या दोन्हींची खात्री पटल्याशिवाय टोकन देऊ नका.

भाव विचारण्याआधी

फोन करून 'तुमचं पॅकेज काय?' असं विचारलं की समोरचा त्याच्या सोयीचं पॅकेज सांगतो. त्याऐवजी आधी घरात बसून कार्यक्रमांची यादी करा. साखरपुडा, हळद, ग्रहमख, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन, वरात, गृहप्रवेश, सत्यनारायण यातलं काय काय शूट करायचं, कुठे, किती वाजता, अंदाजे किती माणसं, हे एका कागदावर येऊ द्या. तोच कागद प्रत्येक फोटोग्राफरला पाठवा. मग येणारे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात.

दोन्हीकडच्या मंडळींनी हे एकत्र बसून ठरवावं. मुलीकडचे त्यांचा फोटोग्राफर आणतात, मुलाकडचे त्यांचा, आणि अंतरपाटासमोर दोन टीम एकमेकींना कोपराने बाजूला सारतात, हे चित्र नवीन नाही. त्यात दोघांचेही फोटो बिघडतात. शक्यतो एकच टीम ठेवा आणि खर्च वाटून घ्या. दोन टीम टाळता येणार नसतील, तर विधींच्या वेळी पुढे कोण उभं राहील हे आदल्या दिवशी दोघांना समोरासमोर बसवून ठरवा.

आणखी एक गोष्ट वेळेची. चातुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे तुळशीच्या लग्नानंतर आणि पुढे उन्हाळ्यात लग्नं ठरावीक तिथींवर दाटीने येतात. अशा तिथीला चांगली माणसं फार आधी बुक होतात. मुहूर्त पक्का झाला त्याच आठवड्यात शोध सुरू करा.

कँडिड की ट्रॅडिशनल?

कँडिड म्हणजे कुणालाही उभं न करता, घडतंय ते टिपणं. ट्रॅडिशनल म्हणजे विधींचा क्रमवार नोंदवलेला तपशील, स्टेजवरचे ग्रुप फोटो, आहेर देणारा प्रत्येक पाहुणा. हल्ली तरुण जोडप्यांना ट्रॅडिशनल नकोसं वाटतं. मला ते पटत नाही. आजी, आत्या, मोठे काका एका फ्रेममध्ये समोर बघून उभे आहेत, सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसताहेत, असा फोटो दहा-पंधरा वर्षांनी घरात सगळ्यात जास्त शोधला जातो. त्यातली काही माणसं तेव्हा नसतात.

परवडत असेल तर दोन्ही घ्या. एकच परवडत असेल, तर दोन्ही कामं नीट करणारा माणूस शोधा. असे फोटोग्राफर जिल्ह्याच्या गावांत भरपूर आहेत, फक्त त्यांचं इन्स्टाग्राम तितकं सजलेलं नसतं.

अख्खं लग्न बघायला मागा

स्टुडिओत गेलात की 'आमचं बेस्ट वर्क' दाखवलं जाईल. ते बघा, पण त्यानंतर म्हणा, 'गेल्या सीझनचं एक पूर्ण लग्न दाखवा, सगळे निवडलेले फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शक्यतो आमच्यासारख्याच कार्यालयातलं.' दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसऱ्याकडे जा.

ते लग्न बघताना पुढच्या जागांवर थांबा.

- अंतरपाट. मंगलाष्टकं बराच वेळ चालतात, पण अंतरपाट खाली येतो तो क्षण दोन-चार सेकंदांचा. त्या क्षणी वधूचा चेहराही मिळायला हवा आणि वराचाही. त्यासाठी दोन बाजूंना दोन कॅमेरे लागतात. अल्बममध्ये फक्त एकाचाच चेहरा आणि दुसऱ्याची पाठ असेल, तर तिथे एकच माणूस काम करत होता.
- गौरीहर. वधू आतल्या खोलीत गौरीहरापाशी बसलेली असते, त्याच सुमारास वर मांडवाकडे निघालेला असतो. एकटा फोटोग्राफर बहुतेक वेळा वराबरोबर असतो, त्यामुळे मुलीच्या गौरीहराचे फोटो कित्येक अल्बममध्ये नसतातच. आहेत का ते बघा.
- लाजाहोम आणि सप्तपदी. धूर, ज्वाळा, खाली वाकलेली माणसं, सभोवती नातेवाइकांचा वेढा. या गर्दीतही पावलं, हात आणि चेहरे दिसताहेत का? कानपिळीच्या वेळचा मुलीच्या भावाचा चेहरा मिळाला आहे का?
- रंग. हळद पिवळीच दिसते की नारिंगी झालीय? शालूचा रंग फोटोगणिक बदलतोय का? सावळे चेहरे एडिटिंगमध्ये पांढरे करून टाकलेत का? शेवटचा प्रश्न मी फार महत्त्वाचा मानते. तुमचा खरा वर्ण जपणारा फोटोग्राफर हवा.
- वाईट उजेड. लॉनवरच्या लग्नात गोरज मुहूर्ताला संध्याकाळचा उजेड झपाट्याने उतरतो. बंद कार्यालयात एकीकडे पिवळे दिवे आणि दुसरीकडे जांभळी एलईडी सजावट असते. एलईडी वॉलसमोर चुकीच्या सेटिंगवर शूट केलं तर व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. हे सगळं नमुन्यात तपासा.
- शेवट. वरात, पाठवणी, गृहप्रवेश यांचे फोटो सकाळच्या फोटोंइतकेच मन लावून काढलेत का? दमलेल्या टीमचा कंटाळा अल्बमच्या शेवटच्या पानांवर लगेच दिसतो.

जमलं तर त्या जोडप्याशी फोनवर बोला. त्यांना फोटो आवडले का हे विचारूच नका, ते 'हो' म्हणतील. अल्बम किती महिन्यांनी आला, ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले का, आणि गुरुजींशी किंवा पाहुण्यांशी वागणं कसं होतं, हे विचारा.

त्या दिवशी कोण येणार?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दाट लग्नतिथीला एकाच स्टुडिओची तीन-चार कामं असतात. तुम्ही ज्याच्याशी बोललात तो मालक एका लग्नाला जातो आणि तुमच्याकडे रोजावर घेतलेली मुलं येतात. ती मुलं वाईट काम करतातच असं नाही, पण तुम्ही पसंत केलेलं काम त्यांचं नसतं.

म्हणून थेट विचारा.

- आमच्या तारखेला तुमची किती लग्नं आहेत?
- आमच्याकडे मुख्य फोटोग्राफर कोण असेल? त्याने स्वतः काढलेलं लग्न दाखवा.
- तो आजारी पडला तर कोण येईल, आणि ते आम्हाला आधी कळवाल का?
- टीममध्ये एखादी स्त्री आहे का? नवरी तयार होत असतानाचे फोटो हवे असतील तर अनेक मुलींना ते बरं वाटतं.
- कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवले जातात का? एक कार्ड खराब झालं तर दुसरं हाती राहतं. एकच कार्ड वापरणाऱ्याला लग्नाचं काम देऊ नका.

परदेशात राहणारी मुलं पुण्या-कोल्हापुरात लग्न करतात तेव्हा सगळी बोलणी व्हिडिओ कॉलवर होतात. त्यांनी त्या कॉलवर मुख्य फोटोग्राफरलाच बसवावं, आणि इथल्या एका नातेवाइकाला स्टुडिओत पाठवून छापलेला अल्बम हातात घेऊन बघायला सांगावं. मोबाइलच्या पडद्यावर छपाईचा दर्जा कळत नाही.

कोटेशन वाचताना

'अनलिमिटेड फोटो, सिनेमॅटिक व्हिडिओ, प्रीमियम अल्बम' या शब्दांवरून काहीच ठरत नाही. प्रत्येक गोष्ट मोजमापात लिहून घ्या. अल्बम कोणत्या मापाचा, किती शीटचा, जादा शीटला किती पैसे? १२ बाय ३६ इंचांच्या ४० शीटच्या अल्बममध्ये दर शीटला चार-पाच फोटो धरले तर दोनशेच्या आसपास फोटो बसतात. त्याहून जास्त कोंबले की कुठलाच चेहरा नीट दिसत नाही. व्हिडिओत टीझर किती मिनिटांचा, हायलाइट किती मिनिटांची, आणि मंगलाष्टकांसह पूर्ण लांबीचा विधींचा व्हिडिओ मिळणार की नाही? बऱ्याच पॅकेजांत आता फक्त हायलाइट असते. मग आजोबांनी म्हटलेलं मंगलाष्टक कायमचं हरवतं.

'रॉ डेटा देऊ' यातही गोंधळ होतो. तुम्हाला सगळे फोटो अपेक्षित असतात. फोटोग्राफर मात्र कधी कधी खास सॉफ्टवेअरशिवाय न उघडणाऱ्या फाइली देतो, कधी काहीच देत नाही. 'काढलेले सगळे फोटो, मूळ आकारात, जेपीईजी स्वरूपात' अशी सरळ ओळ लिहून घ्या. डेटा पेनड्राइव्हवर मावत नाही हेही ध्यानात ठेवा. १०० एमबीपीएसने शूट केलेला फोर-के व्हिडिओ तासाला सुमारे ४५ जीबी जागा घेतो. दोन कॅमेऱ्यांनी चार तास शूट केलं तर ३६० जीबी झाले. हार्ड डिस्क कोण विकत आणणार, हेही आधीच ठरवा.

गावाबाहेरचं लग्न असेल, गोव्यात किंवा कोकणात, तर टीमचा प्रवास, मुक्काम आणि जेवण पॅकेजात आहे का ते विचारा. ठरलेल्या वेळेनंतर तासाला किती पैसे, हेही.

पैसे हातचे राखून खर्च करायचे असतील तर

कापाकापी या क्रमाने करा. आधी ड्रोन सोडा, मग एलईडी वॉलवरचं थेट प्रक्षेपण, मग प्री-वेडिंग शूट, त्यानंतर अल्बमची भारी पेटी आणि लेदरचं कव्हर. दुसरा फोटोग्राफर मात्र सोडू नका. अल्बम नंतरही करता येतो, अगदी दोन वर्षांनी पैसे जमले की. मुहूर्ताचा क्षण पुन्हा येत नाही.

ड्रोन घ्यायचाच असेल तर परवानगीचं बघा. 'ड्रोन नियम, २०२१' नुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट असावं लागतं, ड्रोनची नोंदणी असावी लागते. विमानतळाच्या जवळपास निर्बंध असतात, आणि मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. ही कागदपत्रं फोटोग्राफरकडून आधी बघून घ्या आणि परवानगीची जबाबदारी त्याची असल्याचं लिहून घ्या. पाहुण्यांच्या डोक्यावरून ड्रोन उडवू देऊ नका.

लेखी करार

ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला, असं वडीलधारे म्हणतील. ओळखीच्या माणसाशीच कागद करावा, म्हणजे ओळख टिकते. स्टॅम्प पेपर हवाच असं नाही. दोघांच्या सह्या असलेलं पत्र किंवा दोघांनी 'मान्य' म्हटलेला ईमेलसुद्धा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. त्यात एवढं असावं.

- कार्यक्रमांच्या तारखा, ठिकाणं, टीम हजर होण्याची वेळ. मुहूर्त १२.३५ चा असेल तर टीम सकाळी किती वाजता येणार, ते.
- मुख्य फोटोग्राफरचं नाव आणि टीममधल्या माणसांची संख्या.
- काय मिळणार, किती मिळणार, किती दिवसांत मिळणार. फोटो, व्हिडिओ आणि अल्बम यांच्या तारखा वेगवेगळ्या.
- दुरुस्त्या किती वेळा फुकट.
- पैशांचे टप्पे.
- तारीख बदलली किंवा काम रद्द झालं तर काय.
- डेटा स्टुडिओ किती काळ जपून ठेवेल.
- तुमचे फोटो जाहिरातीसाठी वापरायचे की नाही.

पैशांचे टप्पे असे ठेवा की शेवटचा हप्ता सगळं काम हातात पडल्यावरच जाईल. टोकन म्हणून पाचवा हिस्सा, लग्नाच्या दिवसापर्यंत निम्म्याहून थोडे अधिक, आणि किमान चौथा हिस्सा अल्बम व पूर्ण व्हिडिओ मिळाल्यावर, ही वाटणी दोघांनाही न्याय देणारी आहे. लग्नाच्या दिवशीच पूर्ण पैसे चुकते केलेत तर तुमचा अल्बम रांगेत शेवटी जातो.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि पावती घ्या. जीएसटी लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा. या सेवेवर सध्या १८ टक्के दर आहे. नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला जीएसटीच्या नावाने पैसे घेता येत नाहीत.

तारीख बदलण्याचं कलम आपल्याकडे विसरलं जातं. घरात सुतक आलं तर लग्न पुढे जातं, यात कुणाचाच दोष नसतो. 'अशा कारणाने तारीख बदलल्यास आणि नव्या तारखेला फोटोग्राफर मोकळा असल्यास टोकन पुढच्या तारखेला वळतं होईल. मोकळा नसल्यास अमुक रक्कम परत' अशी ओळ आधीच घाला. फोटोग्राफरने तुमच्यासाठी त्या तिथीचं दुसरं काम नाकारलेलं असतं, त्यामुळे टोकनाचा काही भाग त्याने ठेवला तर ते रास्त आहे.

फोटो कुणाचे?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ इथे तुमच्या बाजूने आहे. मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो किंवा चित्रफीत काढली असेल, तर वेगळा करार नसल्यास तिचे पहिले हक्कदार काम सांगणारेच असतात. यातला 'वेगळा करार नसल्यास' हा भाग नीट वाचा. अनेक स्टुडिओंच्या छापील अटींत 'सर्व हक्क स्टुडिओकडे' असं बारीक अक्षरात असतं, आणि सही केली की तुमची बाजू दुबळी होते. ती ओळ खोडायला सांगा. घरातल्या मुलींचे, लहान मुलांचे फोटो स्टुडिओच्या पानावर जायला नको असतील तर तेही स्पष्ट लिहा. मूळ फाइली हातात मिळणं हा मात्र स्वतंत्र मुद्दा आहे, त्यासाठी करारात वेगळी ओळ हवीच.

काम बिघडलं, रखडलं तर

घरच्या लग्नासाठी पैसे देऊन फोटोग्राफर घेतला की तुम्ही ग्राहक असता आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुम्हाला लागू होतो. टीम न येणं, डेटा गमावणं, ठरलेला अल्बम न देणं ही सेवेतली त्रुटी ठरू शकते. मागूनही बिल न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आधी शांतपणे लेखी विचारणा करा आणि १५ दिवसांची मुदत द्या. फोनवरची भांडणं पुढे उपयोगी पडत नाहीत. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात, कारण स्टुडिओला नाव जपायचं असतं. तरीही न मिटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा.

- तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, स्टुडिओ दुसऱ्या शहरात असला तरी.
- मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.
- वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.
- तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. 'देतो, देतो' ऐकत बसून ही मुदत घालवू नका.

करार, पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश एका ठिकाणी जपून ठेवा. तुमचा सगळा भार त्यांच्यावरच असेल.

लग्नाचा दिवस आणि त्यानंतर

फोटोग्राफरला न चुकता हव्या असलेल्या ग्रुप फोटोंची यादी द्या आणि प्रत्येक बाजूचा एक चुलतभाऊ किंवा मावसबहीण त्याच्या दिमतीला ठेवा. कोण आत्या, कोण मावशी, हे त्याला कळायचं कसं? गुरुजींची आणि त्याची सकाळीच गाठ घालून द्या. मंगळसूत्र पुन्हा घालायला लावणं, कन्यादान थांबवणं असले प्रकार चालणार नाहीत, हे तुम्हीच सांगा. टीमला जेवण वेळेवर आणि मानाने वाढा. सकाळपासून उभी असलेली माणसं आहेत ती.

अल्बम रखडतो त्यात बऱ्याचदा आपलाही वाटा असतो. तीन हजार फोटोंतून दोनशे निवडायला घरात एकमत होत नाही आणि निवड सहा महिने पडून राहते. एकाच माणसाला निवडीचा अधिकार द्या, दोन्ही घरांचे वीस-वीस हट्टाचे फोटो आधी घ्या आणि महिन्याभरात यादी पाठवा. छपाईआधी डिझाइन मागवून नावं, तारखा आणि विधींचा क्रम तपासा. विवाह नोंदणीसाठीही लग्नाचा फोटो लागतो, तेव्हा अल्बमची वाट न बघता दोन-चार फोटो लगेच मागून घ्या.

हार्ड डिस्क हातात आली की ती त्याच दिवशी उघडून प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो आणि व्हिडिओ चालतात का ते बघा. मग तिची दुसरी प्रत करा आणि एक प्रत सासरी, एक माहेरी ठेवा. स्टुडिओ त्याच्याकडचा डेटा कायम ठेवत नाही.